बीटी बियाणं पेरलं, तरी बोंडात अळी कशी?

बीड जिल्ह्यात कापसाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी, कुठेही बसा. विचारणाऱ्याच्या आवाजात तक्रारच जास्त असते, आणि ती रास्त आहे. बोंडअळीपासून संरक्षण मिळतं म्हणून तर पाकीट घेतलं. मग ऑक्टोबर उजाडल्यावर हिरवं बोंड फोडावं, तर आत गुलाबी अळी, पोखरलेली सरकी आणि डागाळलेला कापूस. बाजारात त्याला कवडी म्हणतात आणि भावही तसाच देतात.

2017 च्या खरिपात हे घरोघर झालं. मराठवाडा आणि विदर्भात कित्येकांनी उभ्या कपाशीत जनावरं सोडली, कित्येकांनी नांगर घातला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सरकारने मदत जाहीर केली: कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 30,800 रुपये, बागायतीला 37,500. कोरडवाहूच्या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे. आपत्ती निधीतून 6,800, पीकविम्यातून 8,000 आणि बियाणे कंपन्यांकडून 16,000. म्हणजे सरकारी हिशेबातही निम्म्याहून जास्त भार बियाण्यावरच टाकला होता.

पण बियाणं एवढंच उत्तर पुरत नाही. तेच बियाणं पहिली काही वर्षं चाललं होतं, हे त्याच शेतकऱ्यांनी पाहिलं आहे. मधल्या काळात काय बदललं? बदलली ती अळी. गारपीट पिकाचं वाटोळं करते, पण ती पुढच्या वर्षी अधिक हुशार होऊन येत नाही. जिवंत शत्रू मात्र बदलतो. जैविक हल्ल्यापासून बचाव करायचा तर हे आधी मनात पक्कं बसायला हवं.

१. तीन अळ्या, आणि त्यातली एक वेगळी

कपाशीवर बोंडअळ्या मुख्यतः तीन. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी, आणि गुलाबी. पहिल्या दोन अळ्यांवर बीटी कपाशी आजही बऱ्यापैकी काम करते. म्हणून ‘बीटी फेल गेली’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. फेल गेली ती गुलाबीपुढे.

ही गुलाबी अळी आपल्याकडे नवी नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने 1843 मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते गुजरातेतल्या भडोचहून मिळालेल्या नमुन्यांवरून. पुढे सरकीच्या पोत्यांतून ती इजिप्तला गेली, तिथून 1911 च्या सुमारास मेक्सिकोत आणि 1917 मध्ये अमेरिकेच्या टेक्सासात पोचली. सरकीत दडून समुद्र ओलांडणारी ही कीड आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

हिरवी अळी कपाशी, तूर, हरभरा, टोमॅटो असं काहीही खाते, आणि बोंडाबाहेर अर्धं अंग ठेवून खाते. त्यामुळे ती दिसते आणि फवारणीत सापडते. गुलाबीचं तसं नाही. मादी पतंग पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून केसाएवढी पांढुरकी अळी निघते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. तिने पाडलेलं भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. वरून बोंड ठणठणीत, आत अळी सरकी खात बसलेली. तिथे ना फवारा पोचतो ना पाखरू. दोन-तीन आठवड्यांनी ती वाढून गुलाबी होते, भोक पाडून बाहेर पडते, मातीत किंवा पाचोळ्यात कोष करते, आणि आठ-दहा दिवसांत पतंग उडतो. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना. कपाशी जितके महिने शेतात उभी, तितक्या पिढ्या.

आणि खाणं जवळजवळ फक्त कपाशीचं. आपलं उरलेलं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

२. बीटी म्हणजे काय

बीटी हे एका जिवाणूच्या नावाचं लघुरूप. जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरत होते, तेव्हा शिगेताने इशिवाता यांना 1901 मध्ये हा जिवाणू सापडला. 1911 मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात अर्न्स्ट बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला आणि प्रांताचंच नाव त्याला चिकटलं.

या जिवाणूत एक प्रथिन असतं. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, त्यात ते विरघळतं, आतड्याच्या पेशींवर एका ठरावीक जागी चिकटतं आणि तिथे छिद्रं पाडतं. अळीचं खाणं थांबतं, ती मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि आपल्या पेशींवर ती चिकटण्याची जागाच नसते, म्हणून ते आपल्याला तसं बाधत नाही. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवण्याची सूचना, म्हणजे जनुक, कपाशीत घातलं. झाडच अळीनाशक झालं.

भारतात अशा कपाशीला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात एक जनुक होतं. 2006 मध्ये दोन जनुकांची आली. दुकानात जी बीजी-टू म्हणून मिळते ती हीच. कल्पना अशी की एका विषाला अळी सरावली तरी दुसरं तिला मारेल.

2010 मध्ये गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडल्याचं हे तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपनीनेच मान्य केलं. त्यानंतर काही वर्षांतच दुसरं विषही तिने पचवलं, आणि 2017 पर्यंत ही अळी आपल्या बांधावर येऊन ठेपली.

३. सोळा ताटांची पंगत

आता थोडा अवघड भाग, पण सोडू नका, कारण हा भाग सहसा कोणी शेतकऱ्याला सांगत नाही.

आपल्याकडे पेरतात ती कपाशी संकरित असते, म्हणजे दोन वेगळ्या आईबापांचं पहिल्या पिढीचं बियाणं. झाडाच्या पानात, फुलात, बोंडाच्या सालीत दोन्ही विषं असतात. पण बोंडातली सरकी ही त्या झाडाची पुढची पिढी. आणि संकरिताच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात, हे घरचं बियाणं धरून पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बोंडातल्या सरक्या म्हणजे सोळा ताटांची पंगत समजा. गणिताप्रमाणे सरासरी नऊ ताटांत दोन्ही विषं असतील, तिनांत फक्त पहिलं, तिनांत फक्त दुसरं, आणि एका ताटात काहीच नसेल. अळी पंगतीत शिरते ती कुठल्या ताटावर बसेल हे नशिबावर. ज्यात काही नाही किंवा एकच विष आहे, अशा ताटावर बसून ती अंग धरते. मोठी झालेली अळी मग शेजारच्या विषारी सरकीलाही पूर्वीइतकी भीत नाही. त्यात थोडीशी सहनशक्ती जन्मतः असलेली अळी असेल तर तीच वाचते आणि तिचीच पिल्लं पुढे वाढतात.

पूर्ण विष दिलं असतं तर बहुतेक अळ्या मेल्या असत्या. इथे आपण अळ्यांना अर्धवट विष चारत राहिलो, तेही सहा-सात महिने चालणाऱ्या लांबलचक संकरित वाणांवर. बियाण्याच्या धंद्याला संकर सोयीचा असतो, कारण दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. त्याची किंमत कुठे मोजली गेली, ते वाचकांनी ओळखावं.

४. फेकून दिलेली पुडी

पूर्वी बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक छोटी पुडी यायची. त्यात साधी, बिगर-बीटी सरकी असे. ती शेताच्या कडेने लावायची, असं लिहिलेलंही असे. बहुतेकांनी ती बांधावर फेकली. ‘अळी पडणारं बियाणं कशाला लावायचं?’ हा विचार वरवर शहाणपणाचाच वाटतो.

पुडी कशासाठी होती, ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका शेतातल्या बीटी कपाशीवर हजार अळ्या आल्या. त्यातली एक, योगायोगाने, विषाला दाद न देणारी. बाकीच्या 999 मेल्या. शेजारच्या शेतातही अशीच एक वाचली. दोघींचे पतंग झाले, एकमेकांना भेटले. आईकडूनही सहनशक्ती, बापाकडूनही सहनशक्ती. पिल्लं सगळी पक्की.

आता कडेला साध्या कपाशीच्या ओळी असत्या तर? तिथून शंभर साधे पतंग उडाले असते. त्या गर्दीत आपल्या एका पक्क्या पतंगाची गाठ साध्याशीच पडण्याची शक्यता जास्त. पिल्लांना सहनशक्ती एकाच बाजूने मिळते, आणि गुलाबी अळीत एका बाजूची सहनशक्ती सहसा पुरत नाही. ती पिल्लं बीटीवर मरतात. कडेच्या चार ओळींतला थोडा कापूस गमावून आपण शेतातली अळी ‘साधी’ ठेवतो. इंग्रजीतून आलेला ‘रेफ्युज’ किंवा आश्रय पीक हा शब्द पुष्कळ ऐकला जातो, पण त्यामागचं हे गणित समजावून सांगितलं असतं तर इतक्या पुड्या बांधावर गेल्या नसत्या.

एक खोच मराठवाड्यासाठी महत्त्वाची. कपाशीत तुरीच्या ओळी घालायची आपली जुनी पद्धत, आणि आश्रय पीक म्हणून तुरीलाही मान्यता होती. हिरव्या अळीपुरतं ते बरोबर आहे, कारण ती तूर खाते. गुलाबी अळी तुरीला तोंड लावत नाही. तिच्यासाठी तुरीची ओळ म्हणजे आश्रय नव्हेच.

आता साधी सरकी त्याच पाकिटात मिसळून येते. ती निवडून काढायची सोयच उरली नाही, हे बरं झालं.

५. उपाशी मारायचं पंचांग

बदललेल्या अळीपुढे विष कमी पडतं, पण भूक कमी पडत नाही. ती कपाशीशिवाय जगत नाही, म्हणून जितका काळ शेतात पात्या, फुलं आणि बोंडं नसतील तितकी तिची उपासमार. मात्र हंगाम संपत आला, दिवस लहान झाले आणि थंडी पडली, की शेवटच्या पिढीतल्या अनेक अळ्या कोष न करता झोपी जातात. दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात बसतात. अशी अळी कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त, न खाता तग धरते. पऱ्हाटीला लटकलेलं किडकं बोंड, घरात ठेवलेला कापूस, जिनिंगमधली सरकी, शेतातला पाचोळा या तिच्या झोपण्याच्या जागा. पहिल्या भागात सांगितल्याप्रमाणे तिने समुद्र ओलांडला तोही असाच.

पाऊस पडला, हवेत ओल आली की या झोपलेल्या अळ्यांचे पतंग होतात. पतंगाचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात पात्या मिळाल्या नाहीत तर त्याची पिढी तिथेच संपली. आता तारखा मांडून पाहा. पाणी आहे म्हणून कोणी 20 मे ला कपाशी लावली. साधारण 40 दिवसांनी, म्हणजे जूनअखेर, पात्या लागल्या. जूनच्या पावसाने उठलेल्या पतंगांचं जेवण तयार. तीच लावण चांगल्या पावसानंतर 20 जूनला झाली असती, तर पात्या जुलैअखेर आल्या असत्या. तोवर आधी उठलेले बरेचसे पतंग मरून गेले असते. राज्यात 1 जूनच्या आधी कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला विकू नये, असे आदेश कृषी विभागाने काही हंगामांत काढले होते ते याच हिशेबाने. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला उगवणीसाठी तर आहेच, पण अळीसाठीही आहे.

हंगामाचं दुसरं टोक म्हणजे फरदड. माजलगाव धरणाच्या कालव्याखाली किंवा विहिरीला पाणी आहे, तिथे डिसेंबरात एक पाणी दिलं की कपाशी पुन्हा पालवते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन-चार क्विंटल जास्तीचा कापूस मिळतो, आणि त्या कापसासोबत पुढच्या वर्षीच्या अळीचं बियाणंही तयार होतं. पतंगाला सातबारा कळत नाही. एकाची फरदड, दहा जणांच्या कपाशीला भोवते.

बीडची यात एक खास अडचण आहे, जी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या पत्रकात सहसा नसते. दसरा-दिवाळीला लाखो माणसं ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जातात. नेमकी तेव्हाच कपाशीची वेचणी ऐन भरात असते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातून उरलेली बोंडं वेचणं आणि पऱ्हाटी उपटणं वेळेवर होत नाही. कोयता, म्हणजे ऊसतोडीला गेलेली माणसं, परत येईपर्यंत गुढीपाडवा जवळ आलेला असतो, आणि तोवर पऱ्हाटी उभी किंवा सरपणाला रचलेली. ‘डिसेंबरअखेर शेत मोकळं करा’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, पण माणसं साखर कारखान्यावर असताना तो पाळायचा कोणी? मला वाटतं, सल्ल्यापेक्षा इथे यंत्राची गरज आहे: पऱ्हाटीचा जागेवर भुगा करणारं श्रेडर गावाने भाड्याने आणावं, आणि सरपणाला ठेवायचीच असेल तर पऱ्हाटीवरची सगळी किडकी बोंडं आधी झोडून जाळावीत.

६. शेतात काय पाहायचं

पेरणीनंतर दीड महिन्याने रोज नाही तरी दोन-तीन दिवसांआड फुलं पाहा. पाकळ्या नीट न उमलता एकमेकींत गुरफटून राहिलेलं फूल दिसलं, तर ती डोमकळी. आत अळीने पाकळ्या धाग्याने बांधलेल्या असतात. डोमकळ्या तोडून नष्ट करा. पहिली पिढी इथेच हातात सापडते. पुढच्या पिढ्या बोंडात गेल्या की तुमच्या हाताबाहेर.

मग कामगंध सापळे. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच रसायनशाळेत बनवून गोळीत भरलेला असतो. एकरी दोन सापळे अंदाजासाठी पुरतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी ओलांडली. पोळ्याच्या अमावास्येला फवारायचा प्रघात अनेक गावांत आहे. पण तिथीपेक्षा सापळ्यातली मोजदाद अधिक भरवशाची.

तिसरी खूण, बोंडं फोडून पाहणं. शेतात तिरकं चालत वीस झाडांवरची वीस हिरवी बोंडं घ्या. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर दहा टक्के झाले, आता उपाय करावा लागेल. एकातच निघाली तर थांबा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क, अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा गांधीलमाशीची कार्डं, आणि पातळी ओलांडली तरच रासायनिक औषध. कार्डं लावल्यावर लगेच फवारलं, तर पैसे देऊन आणलेले मित्र आपणच मारतो.

७. फवारणाऱ्याचं काय?

2017 ची दुसरी आठवण यवतमाळची. त्याच हंगामात, त्याच पिकावर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेली दाट कपाशी, उकाडा, दोन-तीन औषधांचं एकत्र मिश्रण, बारीक तुषार उडवणारे पंप आणि उघडं अंग. औषध तोंडातून जातं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते सर्वांत जास्त त्वचेतून जातं, आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यातून अधिकच.

मोनोक्रोटोफॉससारखी औषधं शरीरात एक विकर बंद पाडतात. नसा स्नायूंना हुकूम देतात, तो हुकूम संपवण्याचं काम या विकराचं. ते बंद पडलं की हुकूम थांबतच नाहीत: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, पोटात मुरडा, अंगाला झटके, आणि शेवटी श्वास अडकतो.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहायला शिका. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, कमी विषारी एवढंच. सर्वांत धोक्याची वेळ फवारणीची नसते, डब्यातून घट्ट औषध ओतण्याची असते. हातमोजे तेव्हा तरी घाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, तोंडाने नोझल फुंकू नका, दुपारच्या उन्हात फवारू नका, आणि मनाने दोन औषधं एकत्र करू नका. कोणाला मळमळ, घाम, अंधारी सुरू झाली तर आधी त्याला शेताबाहेर आणा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. या प्रकारच्या विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे, पण कोणतं विष आहे हे डॉक्टरांना डब्यावरूनच पटकन कळतं. उलटी करवण्याच्या नादी लागू नका. मजुराकडून फवारून घेत असाल तर हातमोजे, चष्मा, मास्क देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

८. कोणी हिला हरवलं आहे का?

हो. अमेरिकेने ऑक्टोबर 2018 मध्ये आपल्या कापूसक्षेत्रातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जालीम विष नव्हतं. बीटी होती, तीच होती. पण त्यांनी आधी आश्रय पीक प्रामाणिकपणे लावलं, मग गंधाने पतंगांचं मीलन रोखलं, प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि अ‍ॅरिझोनात ठरल्या तारखेपर्यंत पऱ्हाटी नांगरून टाकण्याचा नियमच होता. हे सगळं मिळून, सगळ्या शेतांत.

वांझ पतंग आणि विमानं आपल्या आवाक्यात नाहीत. तारीख मात्र आहे. ज्या गावात ग्रामसभेत दोन ठराव होतील, पहिला ‘पुरेसा पाऊस झाल्याशिवाय कपाशी लावणार नाही’, दुसरा ‘डिसेंबरनंतर कोणाच्याही शेतात कपाशी उभी राहणार नाही’, आणि ऊसतोडीला गेलेल्यांची पऱ्हाटी काढायची सोय गाव करील, त्या गावाला पुढच्या हंगामात अळी कमी भेटेल. दोन-तीन शिवारं मिळून केलं तर आणखी कमी. सापळे आणि मार्गदर्शन यांसाठी अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातलं खामगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. दिवाळीच्या आत, कोयता निघायच्या आधी, ग्रामसभेत हा विषय घ्या.